स्मृतिभ्रंश की नैराश्य? वार्धक्यातील मेंदूच्या प्रतिमांकनाचा इतिहास

बीजसंज्ञा : वार्धक्य, स्मृतिभ्रंश, नैराश्य, आभासी स्मृतिभ्रंश, सीटी स्कॅन, एमआरआय, पेट स्कॅन.

प्रस्तावना :

घरातील वृद्ध व्यक्ती विसरू लागली, गप्प राहू लागली, जेवणाखाण्यातील तिचा रस गेला की 'आता वय झाले' एवढे स्पष्टीकरण आपल्या समाजात पुरेसे मानले जाते. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण याच समजुतीचे दर्शन घडविते. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र या एका स्पष्टीकरणाखाली किमान दोन भिन्न अवस्था झाकल्या जातात. एक म्हणजे मेंदूतील पेशींचा क्रमाने ऱ्हास घडविणारा स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) आणि दुसरी म्हणजे उपचारांनी बहुधा आटोक्यात येणारे नैराश्य. नैराश्यातही एकाग्रता ढळते, विचार मंदावतात, स्मरण दगा देते. त्यामुळे बाह्य लक्षणांवरून दोहोंची गल्लत होते. नैराश्याला स्मृतिभ्रंश समजले तर बरा होऊ शकणारा माणूस उपचारांविना राहतो. स्मृतिभ्रंशाला केवळ नैराश्य समजले तर कुटुंबाला पुढील काळाची तयारी करण्याची संधी मिळत नाही.

हा भेद जिवंत माणसाच्या मेंदूची प्रतिमा पाहून करता येईल, ही आशा विसाव्या शतकातील वैद्यकाने दीर्घकाळ बाळगली. त्या आशेचा प्रवास, तिची फलश्रुती आणि तिच्या मर्यादा यांचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. मृत्यूनंतरचे निदान :

१९०१ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिची तपासणी करणाऱ्या आलोइस अल्झायमर यांनी तिच्या विस्मरणाच्या, संशयाच्या व गोंधळाच्या सविस्तर नोंदी ठेवल्या. परंतु रोगाचे स्वरूप उलगडले ते १९०६ मध्ये तिच्या निधनानंतर, सूक्ष्मदर्शकाखाली. पेशींबाहेरील साके आणि पेशींतील तंतूंच्या गाठी यांचे वर्णन त्यांनी त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत केले. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. या पद्धतीत एक मूलभूत अडचण होती : रोगाचा पुरावा रुग्णाच्या मृत्यूनंतरच हाती येत असे.

जिवंतपणी मेंदू पाहण्याचा पहिला मार्ग अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी शोधला. १९१८ मध्ये त्यांनी मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र घेतले आणि १९१९ मध्ये कण्यातून हवा सोडण्याची पद्धत मांडली. या तपासणीनंतर तीव्र डोकेदुखी व उलट्या होत. वृद्ध व दुर्बल रुग्णाला केवळ निदानासाठी असा त्रास देणे डॉक्टरांना जड जात असे. त्यामुळे पुढील अर्धशतक वार्धक्यातील मनोविकारांच्या निदानाचा भार प्रामुख्याने प्रत्यक्ष निरीक्षणावरच राहिला.

२. 'आभासी स्मृतिभ्रंश' या संकल्पनेचा उदय :

निरीक्षणाच्या याच परंपरेतून पहिले मोठे यश आले. इंग्लंडमधील चिचेस्टरजवळच्या ग्रेलिंगवेल रुग्णालयातील वृद्ध रुग्णांच्या नोंदींवर आधारित मार्टिन रॉथ यांचा निबंध १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. वृद्धांचे मनोविकार म्हणजे एकच 'वार्धक्यजन्य वेड' अशी तोवरची सर्वसाधारण धारणा होती. रॉथ यांनी रुग्णांचे पाच गट केले आणि त्यांच्या पुढील वाटचालीचा मागोवा घेतला. भावनिक विकार असलेल्या रुग्णांपैकी अर्ध्याहून अधिक रुग्ण सहा महिन्यांत घरी परतले होते. वार्धक्यजन्य स्मृतिभ्रंशाच्या गटातील अर्ध्याहून अधिक रुग्ण तेवढ्याच काळात दगावले होते. वरवर सारख्या दिसणाऱ्या अवस्थांचे भवितव्य इतके भिन्न असेल, तर त्या एक असूच शकत नाहीत, हा त्यातून निघणारा निष्कर्ष होता. विद्युत्-उपचार १९३८ पासून उपलब्ध होते आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस नैराश्यावरील औषधे आली. त्यामुळे या भेदाला व्यावहारिक मोल प्राप्त झाले.

१९६१ मध्ये लेस्ली किलो यांनी 'आभासी स्मृतिभ्रंश' (स्यूडोडिमेन्शिया) या संज्ञेखाली, स्मृतिभ्रंश झाल्यासारखे वाटूनही पुढे सुधारलेल्या दहा रुग्णांची हकिकत मांडली. १९७९ मध्ये चार्ल्स वेल्स यांनी दोन्ही अवस्थांतील वागणुकीचे फरक नोंदविले. नैराश्यग्रस्त व्यक्ती आपल्या विस्मरणाची वारंवार तक्रार करते आणि प्रश्नाला 'मला माहीत नाही' असे उत्तर देते. स्मृतिभ्रंशाची रुग्ण व्यक्ती मात्र आपली उणीव झाकू पाहते आणि चुकीचे का होईना, उत्तर देण्याचा प्रयत्न करते. हे निकष उपयुक्त होते, तथापि ते निरीक्षकाच्या अनुभवावर अवलंबून होते. वस्तुनिष्ठ पुराव्याची अपेक्षा यंत्राकडून केली जाऊ लागली ती याच पार्श्वभूमीवर.

३. सीटी स्कॅन : आशा व पहिला अपेक्षाभंग :

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विम्बल्डन येथील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांनी विकसित केलेल्या यंत्राने पहिल्यांदाच एका रुग्णाच्या मेंदूचा छेददर्शी स्कॅन घेण्यात आला. या शोधासाठी हौन्सफिल्ड व अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सुई व हवा यांच्याविना कवटीच्या आत पाहणे शक्य झाले. गाठ, रक्तस्राव किंवा साचलेले पाणी यांमुळे होणारे विस्मरण ओळखून त्यावर उपचार करता येऊ लागले. हा लाभ निर्विवाद होता.

नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांच्या सीमेवर मात्र चित्र गुंतागुंतीचे ठरले. लंडनमधील रॉबिन जॅकोबी व रेमंड लेव्ही यांनी १९८० मध्ये निरोगी, स्मृतिभ्रंश झालेल्या आणि नैराश्यग्रस्त वृद्धांच्या सीटी स्कॅनचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंशात मेंदूचे आकुंचन सरासरीने अधिक आढळले. पण निरोगी वृद्धांच्या मेंदूशी त्याची बरीच सरमिसळ होती. याहून महत्त्वाचा निष्कर्ष अनपेक्षित होता. नैराश्यग्रस्तांमधील एका लहान गटातही मेंदूतील पोकळ्या रुंदावलेल्या होत्या. या रुग्णांचे नैराश्य उतारवयात प्रथमच उद्भवलेले होते आणि पुढील पाठपुराव्यात त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळले. ज्या यंत्राकडून 'शारीरिक' स्मृतिभ्रंश आणि 'मानसिक' नैराश्य अशी विभागणी अपेक्षित होती, त्यानेच नैराश्याचीही शारीरिक बाजू दाखवून दिली.

४. एमआरआय : श्वेतद्रव्याची साक्ष :

चुंबकीय अनुस्पंदनावर आधारित प्रतिमेची कल्पना पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. १९८० च्या दशकात हे तंत्र रुग्णालयांत रुळले आणि २००३ मध्ये लॉटरबर व पीटर मॅन्सफिल्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीपेक्षा एमआरआयमध्ये मेंदूतील श्वेतद्रव्य कितीतरी स्पष्ट दिसते. वृद्धांच्या प्रतिमांमध्ये या श्वेतद्रव्यात चमकदार ठिपके व पट्टे आढळू लागले. उच्च रक्तदाब व लहान रक्तवाहिन्यांचे विकार यांच्याशी त्यांचा संबंध असल्याचे दिसून आले.

उतारवयात प्रथमच नैराश्य आलेल्या व्यक्तींमध्ये अशा खुणा अधिक असल्याचे निरीक्षण अनेक अभ्यासकांनी नोंदविले. त्या आधारे १९९७ मध्ये जॉर्ज अलेक्सोपोलोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच स्वतंत्रपणे रंगा कृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रक्तवाहिनीजन्य नैराश्य' ही संकल्पना मांडली. मेंदूचा पुढील भाग आणि खोलवरची केंद्रे यांना जोडणारे मार्ग रक्तपुरवठ्याअभावी दुबळे झाले, तर उत्साह, निर्णयशक्ती व विचारांची गती यांवर परिणाम होतो, असे त्यामागील सूत्र आहे.

स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा इतिहासही याच वळणाने गेला. अल्झायमरमध्ये त्याचे आकुंचन लवकर होते, म्हणून ते निदानाचे खात्रीचे चिन्ह ठरेल असे वाटत होते. परंतु १९९६ मध्ये इव्हेट शेलाइन व सहकाऱ्यांनी, पूर्वी वारंवार नैराश्य येऊन गेलेल्या दहा स्त्रियांमध्येही तुलनागटापेक्षा लहान हिप्पोकॅम्पस आढळल्याचे दाखविले.

दरम्यान, 'आभासी' या विशेषणालाच धक्का बसला होता. अलेक्सोपोलोस यांच्या १९९३ च्या अभ्यासात नैराश्यामुळे दाखल झालेल्या ५७ वृद्धांचा पाठपुरावा करण्यात आला. नैराश्यासोबत आलेला स्मृतिभ्रंश उपचारांनंतर ओसरला, अशांपैकी ४३ टक्के रुग्णांना पुढे कायमचा स्मृतिभ्रंश झाला. केवळ नैराश्य असलेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होते. म्हणजे ज्याला आभास म्हटले गेले, ती अनेकांच्या बाबतीत पूर्वसूचना होती.

५. पेट स्कॅन : रेणूंचे दर्शन :

पेट तंत्राने मेंदूच्या रचनेऐवजी त्याचे कार्य दाखविले. ग्लुकोजच्या वापराच्या प्रतिमांत अल्झायमरमध्ये मेंदूच्या पार्श्व व कर्णालगतच्या भागांत मंदपणा दिसतो, तर नैराश्यात पुढील भागातील बदल अधिक नोंदले गेले. २००४ मध्ये विल्यम क्लंक, चेस्टर मॅथिस व सहकाऱ्यांनी 'पिट्सबर्ग कंपाउंड-बी' या द्रव्याच्या साहाय्याने १६ अल्झायमरग्रस्त व ९ निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमर यांनी काचपट्टीवर पाहिलेले साके आता जिवंत माणसाच्या मेंदूत दिसू लागले. या द्रव्यातील किरणोत्सारी कार्बनचे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटांचे असल्याने सायक्लोट्रॉन जवळ असणे आवश्यक होते. पुढे सुमारे ११० मिनिटे अर्धायुष्याच्या फ्लोरिनवर आधारित द्रव्ये आली आणि २०१२ मध्ये अमेरिकेत त्यांपैकी पहिल्याला मान्यता मिळाली.

तरीही प्रश्न सुटला नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणानुसार, बुद्धी व स्मरण शाबूत असलेल्या व्यक्तींमध्येही अमायलॉइडचे प्रमाण पन्नाशीतील १० टक्क्यांपासून नव्वदीतील ४४ टक्क्यांपर्यंत वाढत जाते. साके दिसणे आणि रोगी असणे या दोन गोष्टी एक नाहीत. उलटपक्षी, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नैराश्यग्रस्त वृद्धांच्या मेंदूत अमायलॉइड तुलनागटापेक्षा कमी आढळले. नैराश्याकडून स्मृतिभ्रंशाकडे जाणारी वाट केवळ अमायलॉइडमधून जात नसावी, असे त्यावरून सूचित होते. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकॅनेमॅब व २०२४ मध्ये डोनानेमॅब या औषधांना पूर्ण मान्यता मिळाल्यापासून पेट स्कॅनचे महत्त्व वाढले आहे. ही औषधे देण्यापूर्वी अमायलॉइडचा पुरावा लागतो आणि उपचारकाळात सूज वा रक्तस्राव तपासण्यासाठी वेळोवेळी एमआरआय करावा लागतो.

६. यंत्राबाहेरचे वास्तव : गोवा व भारत :

भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट सुविधा २००२ मध्ये मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाली. तथापि बहुसंख्य भारतीय वृद्धांचा मार्ग अशा केंद्रांपर्यंत पोहोचत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अंदाजानुसार, देशातील ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे आणि शहरांपेक्षा (५.३ टक्के) ग्रामीण भागात (८.४ टक्के) हे प्रमाण अधिक आहे.

या संदर्भात विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उद्बोधक आहे. स्मृतिभ्रंश व नैराश्य यांची वर्णने लोकांपुढे ठेवली असता त्यांनी ती सहज ओळखली. परंतु दोन्हींकडे आजार म्हणून पाहिले नाही. एक तर हे वयाचेच लक्षण, नाही तर मुलाबाळांच्या दुर्लक्षाचा व मायेच्या अभावाचा परिणाम, असे त्यांचे म्हणणे होते. अशा समाजात निदानाची पहिली पायरी स्कॅनच्या कितीतरी अलीकडे आहे.

स्कॅनविना निदान करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न '१०/६६' संशोधनगटाने केला. जगातील ६६ टक्के स्मृतिभ्रंशग्रस्त विकसनशील देशांत, पण संशोधन मात्र जेमतेम १० टक्के, या विषमतेवरून हे नाव आले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात भारतासह विविध देशांतील २५ केंद्रांवरील २,८८५ वृद्ध सहभागी होते. रुग्णाशी व आप्तांशी केलेल्या संवादावर आधारित पद्धतीने स्मृतिभ्रंशाची ९४ टक्के प्रकरणे अचूक ओळखली. मात्र चुकून स्मृतिभ्रंश ठरविले जाण्याचे प्रमाण कमी शिकलेल्या निरोगी वृद्धांत ६ टक्के, अधिक शिकलेल्यांत ३ टक्के, तर नैराश्यग्रस्तांत १५ टक्के होते. यंत्राला जी सीमा नीट आखता आली नाही, तीच प्रश्नावलीलाही सर्वाधिक अवघड गेली.

निष्कर्ष :

१. प्रतिमांकनाने उपचारक्षम शारीरिक कारणे ओळखणे शक्य केले आणि अल्झायमरचे साके जिवंतपणी दाखविले. हे त्याचे ठोस योगदान होय.

२. स्मृतिभ्रंश व नैराश्य यांना काटेकोर वेगळे करण्याची मूळ अपेक्षा मात्र पूर्ण झाली नाही. प्रत्येक नव्या तंत्राने या दोन अवस्थांमधील नाते अधिक स्पष्ट केले. रक्तवाहिन्यांचे विकार, हिप्पोकॅम्पसचे आकुंचन आणि कालांतराने होणारे रूपांतर यांतून ते दिसते.

३. त्यामुळे 'हे की ते' हा प्रश्न मागे पडून 'हे किती, ते किती आणि पुढे काय' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. नैराश्यातून सावरलेल्या वृद्धाचा दीर्घकाळ पाठपुरावा आवश्यक आहे आणि स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीमधील नैराश्यावर उपचार करणेही तितकेच आवश्यक आहे.

४. रॉथ यांनी १९५५ मध्ये वापरलेले साधन, म्हणजे रुग्णाची पूर्वकथा व काळाच्या ओघातील त्याची वाटचाल, आजही कालबाह्य झालेले नाही. भारतासारख्या देशात तर ते गावपातळीवरील आरोग्यसेवकाच्याही हाती देता येण्याजोगे आहे. मात्र त्यासाठी वृद्धाचे मौन व विस्मरण हे वयाचे अटळ देणे नव्हे, तर विचारपूस करण्याजोगी अवस्था आहे, हे कुटुंबाने व समाजाने प्रथम मान्य करावयास हवे.