मुळशीचे पाणी आणि मुंबईचे सूत

मुळशीच्या तलावावर शाळेची सहल गेली की मुलांना धरणाची भिंत दाखवली जाते. हे पाणी कोणासाठी अडवले, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. उत्तर शोधताना आपल्याला थेट जपानपर्यंत जावे लागते.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केली. पुढे इथले सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जाऊ लागले. 1893 मध्ये सरकारने टाकसाळी चांदीला बंद केल्या आणि रुपया चांदीच्या तुलनेत महाग झाला. चीनचा व्यवहार चांदीतच होता. साहजिकच तिथल्या गिऱ्हाइकाला मुंबईचे सूत महाग पडू लागले. त्याच सुमारास जपानी गिरण्या पुढे सरसावल्या. पहिल्या महायुद्धानंतर तर भारतातून नेलेल्या कापसाचे जपानी कापड आपल्याच बाजारात येऊन स्वस्त विकू लागले. इकडे देशी गिरणी-कापडावर 1896 पासून साडेतीन टक्के अबकारी कर होता. तो रद्द व्हायला 1926 साल उजाडले.

मुंबईजवळ कोळसा नाही. तो लांबून आणावा लागे. सह्याद्रीत पाऊस मात्र भरपूर. टाटांनी 1915 मध्ये खोपोलीला, 1922 मध्ये भिवपुरीला वीज निर्माण केली. मुळशीचे पाणी कोकणात उतरवून 1927 मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. वर्गात हे गणित करून पाहा. 1000 लिटर पाणी सुमारे 500 मीटर खाली आले, तर 1000 × 9.8 × 500 म्हणजे 49 लाख जूल ऊर्जा मिळते. 36 लाख जूल म्हणजे एक युनिट. घट वजा जाताही सुमारे 1.2 युनिट हाती येतात.

या गणितात न दिसणारी एक बाजू आहे. धरणाखाली मावळातील सुमारे पन्नास गावांची भातखाचरे जाणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून 'सेनापती' झाले. 1924 पर्यंत झुंज चालली. धरण मात्र झालेच.

मग स्वस्त विजेने गिरण्या तरल्या का? पुरत्या नाहीत. जपानी गिरण्या दोन पाळ्यांत चालत आणि रात्री स्त्रियांनाही राबवीत. मुंबईच्या मालकांनी एकेका कामगाराकडे अधिक यंत्रे देऊन खर्च कमी करू पाहिला. 1928 मध्ये सुमारे सहा महिने संप झाला. शेवटी आधार मिळाला तो जकातीचा. 1933 मध्ये ब्रिटिशेतर कापडावरील जकात 75 टक्क्यांवर गेली.

स्पर्धा दोन देशांच्या गिरण्यांची होती. तिची किंमत मावळातला शेतकरी आणि गिरणगावातला कामगार यांनी मोजली. आम्ही विज्ञानाची माणसे युनिटे मोजून थांबतो. पुढच्या सहलीत मुलांना भिंतीची उंची सांगून झाली की पाण्याखालच्या खाचरांविषयीही विचारावे.