थेंब पडायच्या आधी

1984 सालचा श्रावणी सोमवार. शाळा अर्धी आहे, शेवटचा तास विज्ञानाचा. तुम्ही सातवीत आहात. बाईंनी घरून एकेक जिन्नस आणायला सांगितलाय, त्यामुळे बाकावर पुड्या उघडल्यात : साबुदाणा, साखर, बेसन, बटाट्याची फोड, कच्चं केळं. तुमच्या डब्यात भाताची पेज आहे.

बाई तपकिरी बाटली काढतात. वास ओळखीचा आहे. गुडघा फुटला की लावतात ते झोंबणारं टिंक्चर आयोडीन! पाणी घालून त्या ते पातळ करतात आणि म्हणतात, “कशात स्टार्च आहे, थेंब पडायच्या आधी अंदाज लिहा.” ही अट लाखमोलाची. अंदाज कागदावर उतरला की मागाहून ‘मला ठाऊकच होतं’ म्हणायची सोय उरत नाही.

ड्रॉपर तुमच्या हाती येतो. बटाट्यावर थेंब पडताच पिवळसर तपकिरी रंग पालटतो, निळा-काळा डाग उमटतो. साबुदाणा काळाकुट्ट. साखर तशीच. डाळ म्हणजे प्रथिनं, म्हणून बेसनापुढे बहुतेकांनी ‘नाही’ लिहिलंय, आणि बेसनही काळंनिळं होतं! डाळीत स्टार्चही भरपूर असतो.

1811 साली फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा सोरा तयार करत असताना समुद्री शेवाळाच्या राखेतून जांभळी वाफ निघाली. तेच हे आयोडीन. 1814 साली कोलँ आणि गोतिए द क्लोब्री यांनी स्टार्चशी होणारा त्याचा निळा रंग नोंदवला. स्टार्चमधल्या अमायलोजची लांब साखळी स्प्रिंगसारखी वेटोळी घेते, आयोडीन त्या पोकळीत शिरतं आणि रंग उमटतो.

आता तुमची पेज. बाई ती थोडी परीक्षानळीत ओततात आणि तुम्हाला तीत थुंकायला सांगतात. वर्गात हशा पिकतो. नळी काही वेळ मुठीत धरून ऊब द्यायची. मग थेंब. निळा रंग येतच नाही!

“स्टार्च गेला कुठे?”

“थुंकीतल्या पाण्यानं पेज पातळ झाली,” मागच्या बाकावरून उत्तर येतं. बाई ते खोडत नाहीत. दुसऱ्या नळीत तेवढीच पेज, थुंकीऐवजी तेवढंच पाणी, तेवढाच वेळ मुठीत. थेंब पडतो. गडद निळा.

दोन्ही नळ्या शेजारी धरून तुम्ही ओरडता, “बाई, लाळेनंच स्टार्च फोडला!”