जीपची दुसरी विक्री

युद्ध संपलें कीं तलवारी म्यानांत जातात; मोटारींना म्यान नसतें. सैन्य घरीं परततें आणि मागें उरलेल्या गाड्यांच्या तांड्यांचें करावयाचें काय, हा प्रश्न सरकारपुढें उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या वाहनांनीं हा प्रश्न निर्माण केला, त्यांत जीप अग्रभागीं होती. तिच्या जन्माची कथा पुष्कळांच्या कानांवर आली असेल. तिच्या विक्रीची कथा मात्र तितकी परिचित नाहीं. आणि ती अद्याप संपलेलीहि नाहीं.

जुलै १९४० मध्यें अमेरिकन सैन्यानें १३५ कारखानदारांकडे आपली मागणी पाठविली. चारहि चाकांना इंजिनाची ओढ असलेली, हलकी आणि आडरानांतून धांवणारी गाडी त्यास हवी होती. आणि पहिला नमुना ४९ दिवसांत पाहिजे होता. पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील बटलर येथील बॅंटम ही लहानशी कंपनी त्या वेळीं दिवाळें निघण्याच्या बेतास आली होती. तिनें कार्ल प्रॉब्स्ट या तज्ज्ञाकडून आराखडे करविले आणि २३ सप्टेंबर रोजीं आपली गाडी होलाबर्डच्या छावणींत हजर केली. परंतु सैन्याला लागणाऱ्या संख्येनें गाड्या पुरविण्याचें बळ तिच्यांत नव्हतें. तेव्हां विलीज व फोर्ड या कंपन्यांनाहि या कामांत घेण्यांत आलें. विलीजचें ६० अश्वशक्तीचें इंजिन सर्वांत जोमदार ठरलें. तिचा नमुना कायम झाला आणि फोर्डनेंहि तोच बनवावा असें ठरलें. युद्ध संपेपर्यंत विलीजनें साडेतीन लाखांहून अधिक, तर फोर्डनें पावणेतीन लाखांहून अधिक गाड्या बाहेर काढल्या. बॅंटमच्या वाट्यास अवघ्या सुमारें २,७०० आल्या. पेरणी एकाची आणि कापणी दुसऱ्याची, हा व्यवहार कारखान्यांच्या जगांतहि चुकत नाहीं.

१९४५ नंतर या गाड्या विकावयास निघाल्या. पन्नास डॉलरांत, पेटींत बांधलेली कोरी जीप मिळते, अशी वदंता अमेरिकेंत दीर्घकाळ पसरली होती. मासिकांतील जाहिराती वाचून लोक पैसे धाडीत. बदल्यांत हातीं येई ती सरकारी शिलकी माल कोठें व कसा घ्यावा हें सांगणारी एक पुस्तिका. खरा विक्रेता होतें सरकारी खातें. सैन्यांतून परतलेल्यांना तेथें अग्रक्रम असे. पण गाडी असे ती वापरलेली, झिजलेली, कधीं मोडकीहि.

तरीहि या मोडक्या गाड्यांनीं कितीतरी संसार उभे केले. मनिलांत अमेरिकनांनीं मागें टाकलेल्या जीपांचे सांगाडे लांबवून, त्यांवर छत व बांकें चढवून, लोकांनीं उतारू नेणारी रंगीबेरंगी ‘जीपनी’ बनविली. वेल्समधील अँगलसी बेटावर मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर अशीच एक शिलकी जीप राबत होती. तिच्यावरून सुचलेली ‘लॅंड रोव्हर’ एप्रिल १९४८ मध्यें ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत प्रकट झाली. तिच्या पुढील व मागील आंसांतील अंतरहि जीपप्रमाणेंच ८० इंच होतें. मुंबईंत १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून ‘महिंद्र आणि महिंद्र’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें विलीजचे सुटे भाग आणवून जीप जुळविण्यास आरंभ केला.

परंतु जुन्या लष्करी गाडीच्या सौद्यांत फसगत कशी होते, याचा धडाहि हिंदुस्थानास त्याच काळांत मिळाला. १९४८ सालीं काश्मीरच्या युद्धामुळें जीपांची निकड भासली. लंडनमधील हिंदी उच्चायुक्तांच्या कचेरीनें सुमारें ८० लक्ष रुपयांचा, दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांचा करार एका परदेशी कंपनीशीं केला. १५५ गाड्या मद्रास बंदरांत उतरल्या, तेव्हां त्या सैन्याच्या उपयोगाच्या नाहींत असें तपासणींत आढळलें. पार्लमेंटांत या प्रकरणावर वर्षानुवर्षें वाद झाला. अखेर १९५५ मध्यें सरकारनें तें बंद झाल्याचें जाहीर केलें. ‘दुरुस्त केलेली’ या दोन शब्दांत किती अर्थ आणि किती अनर्थ सामावतो, हें त्यावरून ध्यानांत येतें.

आजहि या जीपा विकल्या जातात. पण आतां गिऱ्हाईक असतो तो जुन्या वस्तूंचा शोकी. विशेषतः अर्ध्या दुरुस्तीवर थांबलेली गाडी बाजारांत वारंवार येते. कोणी मोठ्या हौसेनें ती उकलतो, सांगाडा खरवडून रंगवितो, इंजिन उघडतो. मग पैसा, जागा वा आयुष्य अपुरें पडतें. अशा गाडीची किंमत ठरते ती तिच्या खरेपणावर. विलीजच्या सांगाड्याचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा, फोर्डचा चौकोनी पन्हळीसारखा. फोर्डच्या कित्येक बोल्टांवर ‘एफ’ हें अक्षर ठसविलेलें असे. फोर्डच्या कारखान्यांतून निघतांना सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक एकच असे. विलीजच्या गाडींत ते भिन्न असत. अगदीं आरंभींच्या विलीज गाड्यांची पुढची जाळी पट्ट्या सांधून केलेली असे. पत्र्यांतून ठोकून काढलेली नऊ फटींची जाळी फोर्डनें आणली व विलीजनें मागाहून उचलली. या खुणा जाणणाऱ्या माणसास नव्या रंगानें भुलवितां येत नाहीं.

येथें मिलिंद राजा आणि नागसेन यांचा संवाद आठवतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, जूं म्हणजेहि रथ नव्हे. मग रथ म्हणावें तरी कशाला, असा तो पेंच. जीपेपुढें तो पहिल्यापासूनच उभा होता. युद्धकाळांतच दुरुस्तीच्या तळांवर विलीजचें इंजिन फोर्डच्या सांगाड्यांत चढे, कारण सैन्याला गाडी चालती हवी होती, कुळी नको होती. म्हणून भागांची सरमिसळ हा दोष नव्हे. तो त्या गाडीचा इतिहास आहे. दोष आहे तो सरमिसळ लपविण्यांत. जुन्या सांगाड्यावर नवी क्रमांकपट्टी ठोकून तीस मूळची म्हणणारा विक्रेता केवळ गिऱ्हाइकास नव्हे, इतिहासासहि फसवितो.

यास्तव सचोटीचा विक्रेता तीन गोष्टी उघड सांगतो: काय मूळचें आहे, काय नवें बसविलें आहे आणि काय अद्याप उरलें आहे. उकललेले भाग चिठ्ठ्या बांधून पेटींत ठेवतो, आणि गंजलेले म्हणून काढलेले तुकडेहि गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करतो. कारण नव्या भागाचें माप जुन्या भागावरूनच घ्यावें लागतें. अर्धें राहिलेलें काम हातावेगळें करण्यांत कमीपणा नाहीं. पुढचा हात तें पुरें करूं शकेल इतकी खरी माहिती त्याबरोबर गेली, म्हणजे ती विक्री हेंहि त्या दुरुस्तीचेंच एक अंग ठरतें.