पिचच्या आकड्याचा भ्रम

विमानातल्या सीटचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणजे आराम पिचवर, अर्थात दोन रांगांमध्ये किती इंच जागा सोडली आहे त्यावर, अवलंबून असतो. दुसरे म्हणजे मोठे जेट आरामाचे आणि ‘पंख्याचे विमान’ गैरसोयीचे. मुंबईहून जळगावसारख्या ठिकाणी जायचे तिकीट काढताना एटीआर या पंख्याच्या विमानाचे नाव दिसले की अनेकांचा उत्साह मावळतो तो या दुसऱ्या मतामुळे. तास-दीड तासाच्या प्रवासाला ही दोन्ही मते लागू पडत नाहीत. एवढ्या अंतरात आराम ठरतो तो एका रांगेत किती माणसे बसवली आहेत आणि त्यांना किती रुंदी दिली आहे यावर.

पूर्वपक्षाला त्याचे न्याय्य माप आधी देऊ. पिच मोजायला सोपे असते, बहुतेक विमान कंपन्या ते सांगतात, आणि ३२ इंचांवरून २८-२९ इंचांपर्यंत झालेली घसरण प्रवाशांनी स्वतःच्या गुडघ्यांवर अनुभवली आहे. सहा फुटी माणसाला २८ इंचांत खरोखरच त्रास होतो. हे कोणी नाकारू नये, मीही नाकारत नाही.

पण पिच म्हणजे पायांची जागा नव्हे. एका सीटवरच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे पिच. त्यात पुढच्या सीटच्या पाठीची जाडीही येते. जुन्या सीटची पाठ चांगली जाड, भरगच्च फोमची असे. आताच्या सडपातळ सीटची पाठ म्हणजे पातळ कवच आणि त्यावर जेमतेम गादी. मासिके ठेवायचा खिसाही आता बऱ्याच सीटवर गुडघ्यांसमोरून काढून वर, ट्रेच्या वरच्या बाजूला नेलेला असतो. पुढच्या वेळी बसाल तेव्हा हात घालून पाहा. खिसा खाली असेल तर त्यातली सुरक्षा-सूचनांची जाड कार्डे, मासिक आणि आधीच्या प्रवाशाने कोंबलेली पाण्याची बाटली थेट तुमच्या गुडघ्याला टेकतात. तोच खिसा वर गेला की तेवढी जागा मोकळी होते, आणि पिचचा आकडा मात्र तसूभरही बदलत नाही. म्हणून जाड पाठीच्या ३१ इंचांत आणि पातळ पाठीच्या २९ इंचांत गुडघ्यांपुढची मोकळीक जवळजवळ सारखी निघू शकते. पातळ गादी चार तासांनी बोचते हे खरे. नागपूरला पोहोचेपर्यंत ती बोचत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गुडघ्यांना पळवाट असते. पाय पुढच्या सीटखाली सरकवता येतात, तिरके करता येतात, कडेला बसलेला माणूस एक पाय वाटेत काढू शकतो. खांद्यांना अशी कोणतीच पळवाट नसते. सीटची रुंदी तिच्या दोन हातांच्या (आर्मरेस्टच्या) आत, म्हणजे नितंबांच्या पातळीवर मोजतात. पण बहुतेक प्रौढ पुरुषांचे शरीर सर्वांत रुंद असते ते खांद्यांपाशी. बोइंग ७३७ मध्ये ही रुंदी साधारण १७ इंच, म्हणजे ४३ सेंटिमीटर असते. शेजारी-शेजारी बसलेल्या तीन पुरुषांचे खांदे त्यात मावत नाहीत, म्हणून मधला माणूस दोन्ही कोपर पोटाशी घेऊन, जरा पुढे वाकून बसतो. खाण्याचा डबा उघडून चमचा तोंडापर्यंत न्यायचा तरी त्याला मनगटातूनच हालचाल करावी लागते. बाईमाणूस मधल्या सीटवर असेल तर हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा राहत नाही. दोन्ही बाजूंनी अनोळखी पुरुषांचा खांदा आणि कोपर तासभर सतत लागत राहणे काय असते, ते आपल्या घरातल्या मुलींना विचारावे. पिचच्या चर्चेत या अनुभवाला कुठेच जागा नाही, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

ही अरुंदता आली कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. बोइंगने १९५० च्या दशकात ७०७ तयार केले तेव्हा त्याच्या मूळ नमुन्याची बाहेरची रुंदी १३२ इंच होती. डग्लसच्या डीसी-८ ची स्पर्धा समोर आल्यावर, एका रांगेत सहा जण बसावेत म्हणून, ती १४८ इंचांपर्यंत वाढवली गेली. १९६७ साली उडालेल्या ७३७ ने हीच रुंदी उचलली. डग्लसच्या डीसी-९ मध्ये तेव्हा रांगेत पाच जण बसत, त्यामुळे सहा जणांचे ७३७ कंपन्यांना फायद्याचे वाटले. आज नव्या कोऱ्या ७३७ मॅक्समध्ये आपण बसतो तेव्हाही विमानाच्या त्या धडाची रुंदी सत्तर वर्षांपूर्वीची असते. एअरबसने ए३२० आखताना धड मुद्दाम रुंद ठेवले. १९८७ मध्ये ते उडाले आणि १९८९ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे आले. केबिनची आतली रुंदी ७३७ मध्ये साधारण ३५४ सेंटिमीटर, ए३२० मध्ये ३७०. हे १६ सेंटिमीटर सहा जणांत वाटले की प्रत्येकाला एक इंच जास्त मिळतो: १७ ऐवजी १८. भारतात अकासाची विमाने ७३७ मॅक्स आहेत, इंडिगोची देशांतर्गत जेट बहुतांशी ए३२० घराण्यातली. तिकीट काढताना हा फरक कोणी विचारात घेत नाही, पिचमधला एक इंच मात्र आवर्जून विचारतात.

आता केबिनची रुंदी रांगेतल्या माणसांच्या संख्येने भागून पाहू. ७३७ मध्ये माणशी ५९ सेंटिमीटर येतात, ए३२० मध्ये जवळजवळ ६२. एटीआर-७२ ची केबिन २५७ सेंटिमीटर आणि रांगेत चौघे, म्हणजे माणशी ६४. एम्ब्रेअर ई१७५ मध्ये २७४ सेंटिमीटरांत चौघे, म्हणजे ६८ हून अधिक. या हिशेबात मधली वाटही धरली आहे असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो योग्य आहे. वाट वजा केली की ए३२० आणि एटीआर जवळजवळ बरोबरीत येतात, ई१७५ पुढेच राहते आणि ७३७ सर्वांत मागे. पण मग बरोबरीतल्या दोघांत निर्णायक ठरते ती मांडणी. १८६ आसनांच्या ए३२० मध्ये ६२ मधल्या सीट असतात. ७८ आसनांच्या एटीआरमध्ये एकही नसते. तिथे प्रत्येकाच्या एका बाजूला खिडकी तरी असते नाहीतर वाट तरी. एसटीच्या तिघांच्या बाकावर मध्ये अडकलेल्याला जे कळते, ते पिचच्या आकड्याला कळत नाही.

खुद्द विमान कंपन्यांना हे चांगले ठाऊक आहे, याचा पुरावा युरोपात मिळतो. लुफ्थान्सा, एअर फ्रान्स, ब्रिटिश एअरवेज यांच्या युरोपातल्या छोट्या अंतरांच्या बिझनेस क्लासमध्ये सीट तीच असते, जी मागे इकॉनॉमीत असते. पायांची जागाही जवळपास तेवढीच. फरक एवढाच की तीनपैकी मधली सीट रिकामी ठेवतात. प्रवासी भरमसाट जादा पैसे मोजतात ते मुख्यतः या मोकळ्या खांद्यासाठी. पायांची जागाच सर्वस्व असती तर हा माल विकला गेला नसता. मूळच्या बॉम्बार्डिअरच्या आणि आता एअरबसच्या ए२२० मध्ये एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला तीन सीट असतात; तिथे आरेखकांनी मधली सीट १९ इंचांची, म्हणजे शेजारच्या सीटपेक्षा अर्धा इंच रुंद ठेवली. त्यांनी दुखणे नेमके ओळखले.

राहिला पंख्याच्या विमानाचा प्रश्न. त्याच्याविरुद्धचे काही आक्षेप खरे आहेत. एटीआर २५ हजार फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे पावसाळी ढगांच्या वरून निघून जाणे त्याला जमत नाही आणि हिसके जास्त बसतात. डोक्यावरचे कप्पे लहान असतात. आवाजही असतो, पण तो सगळीकडे सारखा नसतो. पंखे केबिनच्या पुढच्या भागाशेजारी फिरतात, म्हणून पुढच्या रांगा गोंगाटाच्या आणि मागच्या शांत. जेटची सवय असलेला प्रवासी हौसेने पुढची सीट घेतो आणि मग पंख्याच्या विमानाला दोष देतो. एटीआरमध्ये चढण्या-उतरण्याचे दारही मागेच असते, कारण पुढे सामानाचा कप्पा असतो. मागची सीट घेतली तर आवाज कमी आणि उतरताना तुम्ही पहिल्यांमध्ये. तासाभराच्या उड्डाणात वाटेत ताटकळण्याचा वेळही आरामाच्या हिशेबात धरायला हवा. १८६ माणसे एकाच अरुंद वाटेने बाहेर पडण्यापेक्षा ७८ माणसे लवकर बाहेर पडतात.

दिल्लीहून तिरुअनंतपुरमला किंवा पुण्याहून सिंगापूरला जाताना पिच पाहा, गादीची जाडीही पाहा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात किंवा गोव्याला जाताना मात्र आधी विमानाचे नाव वाचा. दोन-दोनची मांडणी मिळत असेल तर ती घ्या, एटीआर असेल तर मागच्या रांगा निवडा, आणि तीन-तीनचेच विमान असेल तर मधली सीट टाळण्यासाठी पैसे मोजा, जादा पिचसाठी नको. विमान कंपन्यांकडे मागणी करायची असेल तर तिकिटाच्या पानावर पिचच्या शेजारी सीटची रुंदीही सेंटिमीटरमध्ये छापा, ही करा.