वाण्याची वही

वाण्याची वही कोणास ठाऊक नाहीं? महिन्याची उधारी तींत चढते, आणि ती गिऱ्हाइकाच्या देखतच लिहिली जाते. तेंच पान तिसऱ्याच्या हातीं गेलें कीं मात्र प्रकरण निराळें होतें. अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत, चॅटानूगा येथें, केटर वुलफोर्ड नांवाचा एक किराणा व्यापारी होता. कोणतें गिऱ्हाईक वेळेवर पैसे देतें, कोणतें रखडवितें, याची यादी करून त्यानें ती इतर दुकानदारांस विकली. आणि १८९९ सालीं भावासह अटलांटा येथें 'रिटेल क्रेडिट कंपनी' काढली. तिच्या पुस्तकांत माणसाचें वर्णन दोनतीन शब्दांत आटोपत असे : तत्पर, दिरंगाईचा, रोखच घ्यावे. पुढें विमा कंपन्यांसाठीं तिचे तपासनीस शेजाऱ्यापाजाऱ्यांस गांठून अमका दारू पितो काय, त्याची वागणूक कशी आहे, हेंही विचारूं लागले. ज्याच्याविषयीं लिहावयाचें त्यास मात्र आपल्याविषयीं काय लिहिलें याचा पत्ता नसे. मग खोटी नोंद त्यानें खोडावी कशी? आमच्या मतें खरा अन्याय हा होय. नुसतें टिपून ठेवणें हा अपराध नव्हे, वाणीही टिपतोच. आपल्याविषयींच्या नोंदी जाणण्याचा व त्यांस हरकत घेण्याचा हक्क अमेरिकन कायद्यानें १९७० सालीं दिला. म्हणजे तब्बल ७१ वर्षांनीं! कंपनीनें १९७५ सालीं 'इक्विफॅक्स' हें नांव घेतलें, वह्या संगणकांत गेल्या, आणि २०१७ सालीं तेथून १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती चोरीस गेली. त्यांपैकीं बहुतेकांनीं ती आपल्या हातानें कंपनीच्या स्वाधीन केलेलीच नव्हती.