दारू, गांजा आणि सरकारी गुपितं : एका प्रश्नाचा इतिहास

अमेरिकेत सरकारची गोपनीय कागदपत्रं हाताळायची तर ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ लागतो. तो देण्याआधी सरकार विचारतं : दारूपायी कधी अडचणीत आलात का? अमली पदार्थ घेतले होते का? हे प्रश्न सत्तर वर्षं जुने आहेत. उत्तराचं काय करायचं, हे मात्र बदलत गेलं. तोच बदल आज आपण पाहू.

सुरुवात १९५३ची. शीतयुद्ध तापलेलं. २७ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०४५० क्रमांकाचा आदेश काढला. दारूचा अतिरेक आणि अमली पदार्थांचं व्यसन त्यात गुन्हेगारी व अनैतिक वर्तनाच्या पंगतीला बसवलं होतं. समलैंगिक कर्मचाऱ्यांना नोकरीतून काढायलाही हीच यादी वापरली गेली. म्हणजे बघा, चारित्र्यावर डाग असलेला माणूस गुपित राखणार नाही, असं सरळ गणित होतं.

हे गणित किती टिकलं? सीआयएची दोन उदाहरणं घेऊ. एडवर्ड ली हॉवर्डने आपण पूर्वी अमली पदार्थ घेतल्याचं भरतीच्या वेळी सांगितलं होतं, तरी १९८१मध्ये त्याला घेतलं. मॉस्कोला पाठवण्याआधीच्या पॉलिग्राफ चाचणीत तो खोटं बोलतोय असं दिसलं, आणि १९८३मध्ये त्याला काढून टाकलं. पुढे हेरगिरीचा संशय आला आणि १९८५मध्ये तो सोव्हिएत संघात पळाला. दुसरा ऑल्ड्रिच एम्स. त्याचं पिणं वरिष्ठांना ठाऊक होतं, पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९८५पासून तो मॉस्कोला गुपितं विकत होता. पकडला गेला १९९४मध्ये. त्याने ती विकली पैशांसाठी. त्यामुळे दारूकडे काणाडोळा करणं जितकं चुकीचं, तितकंच फक्त दारूवरून माणूस ओळखता येतो असं मानणंही.

१९९५मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने नियमांची नवी घडी बसली. २०१७पासून लागू असलेल्या नियमावलीत तेरा निकष आहेत. दारू आणि अमली पदार्थ हे त्यातले दोन. पण निकाल ‘संपूर्ण माणूस’ पाहून द्यायचा असतो. किती वर्षं झाली? वय काय होतं? उपचार घेतले का? पुन्हा घेणार नाही, घेतलं तर क्लिअरन्स जाईल, असं लिहून देता का?

एसएफ-८६ नावाच्या अर्जात अमली पदार्थांबद्दल मुख्यतः मागच्या सात वर्षांचं विचारतात. तिथे दिलेलं खरं उत्तर फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणार नाही, असं आश्वासन त्याच अर्जात आहे. लपवाछपवी मात्र वेगळ्या निकषात मोजली जाते, आणि जाणूनबुजून दिलेलं खोटं उत्तर हा गुन्हा ठरतो. कॉलेजात ओढलेला गांजा कालांतराने मागे पडू शकतो. त्याबद्दल आज लिहिलेलं खोटं हे आजचंच वर्तन असतं.

एक गाठ अजून सुटलेली नाही. अनेक राज्यांत गांजा कायदेशीर झाला, संघराज्याच्या कायद्यात तो निषिद्धच आहे. डिसेंबर २०२१मध्ये गुप्तचर संचालकांनी स्पष्ट केलं, की पूर्वीचं गांजासेवन विचारात घेतलं जाईल, पण तेवढ्यावरून निकाल लागणार नाही. सध्या बेकायदा सेवन करणाऱ्याला मात्र २००८च्या कायद्याने दार बंदच आहे. तिथे नागरिक झालेल्या आपल्या मराठी मुलांनाही, अशी नोकरी हवी असेल तर, हाच अर्ज भरावा लागतो. ‘आमच्या राज्यात चालतं’ हे उत्तर त्यात पुरत नाही.