उंबरठ्यावरचे विकर

चरबीच्या ज्वलनाचा इतिहास बहुधा फ्रान्झ क्नूपपासून सांगितला जातो. १९०४ साली या जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञाने मेदाम्लांच्या टोकाला बेंझिनचे कडे जोडून ती कुत्र्यांना खाऊ घातली आणि त्यांचे मूत्र तपासले. साखळीतल्या कार्बनची संख्या विषम असली की मूत्रात हिप्युरिक आम्ल सापडे, सम असली की फेनिलअ‍ॅसेट्युरिक आम्ल. म्हणजे शरीर ही साखळी दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडत मोडते, असा निष्कर्ष त्याने काढला. हे काम पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे तिच्या भट्टीत, चालते, हे १९४०च्या दशकाअखेरीस केनेडी आणि लेनिंजर यांनी दाखवले. सुटणारा तुकडा म्हणजे अ‍ॅसिटिल-कोए, हे १९५१ साली फिओडोर लिनेनने. पन्नास वर्षे सारी बुद्धी ‘चरबी कशी मोडते’ यावर खर्च झाली. ‘केव्हा मोडायची आणि केव्हा नाही’ हे कोण ठरवते, याचे उत्तर मात्र त्या भट्टीत नव्हतेच. ते तिच्या उंबरठ्यावर होते, आणि तिथवरची वाट भलत्याच गल्लीतून गेली.

मांसाच्या अर्कात कार्निटिन नावाचे द्रव्य १९०५ सालीच सापडले होते. त्याचा उपयोग काय, हे मात्र कळत नव्हते. १९४०च्या दशकात गॉटफ्रीड फ्रेंकेलला आढळले की पिठात वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळ्या विशिष्ट घटकाविना मरतात. तो घटक कार्निटिनच, हे १९५२ साली ठरले. पुढे अरविंग फ्रिट्झने यकृतावरच्या प्रयोगांत दाखवले की कार्निटिन मिळताच मेदाम्लांचे ज्वलन वाढते. कारण हळूहळू उलगडले: लांब साखळीच्या मेदाम्लाला तंतुकणिकेच्या आतल्या पटलातून थेट वाट नाही. बाहेरच्या पटलावरचे सीपीटी-१ हे विकर त्याला कार्निटिनशी जोडते, तेव्हाच ते आत जाते.

१९७७ साली डॅलसमध्ये मॅकगॅरी आणि फॉस्टर यांनी या विकराचा लगाम शोधला. तो म्हणजे मॅलोनिल-कोए, नवी चरबी बांधताना तयार होणारे मधले द्रव्य. पोटभर जेवलेल्या प्राण्याच्या यकृतात ते वाढते आणि सीपीटी-१ला रोखते. उपासात घटते आणि वाट मोकळी होते. त्यामुळे यकृत एका हाताने चरबी बांधत नि दुसऱ्याने जाळत बसत नाही. यावर कुणी म्हणेल, उपासात रक्तातली मेदाम्लेच वाढतात, त्यांच्या ज्वलनातून यकृतात कीटोन बनण्यास तेवढे कारण पुरे. पण सारखीच मेदाम्ले पुरवली, तरी जेवलेल्या उंदराचे यकृत बहुतेक साठवणीकडे वळवते आणि उपाशी उंदराचे यकृत कीटोन बनवते. पुरवठा लागतोच, निवाडा मात्र यकृतात होतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार होता. स्नायू फारशी चरबी बनवत नाहीत, तरी त्यांचे सीपीटी-१ मॅलोनिल-कोएला यकृतापेक्षाही अधिक बिचकते. मग हा लगाम तिथे कशाला? पुढे एसीसी-२ हे विकर सापडले. तंतुकणिकांलगत राहून ते मॅलोनिल-कोए बनवते, ते मुख्यतः लगामापुरतेच. २००१ साली सालिह वाकिलच्या गटाने ते नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्या स्नायूंत मेदाम्लांचे ज्वलन वाढलेले दिसले. आक्षेपच शेवटी सिद्धान्ताचा पुरावा ठरला. मात्र असे उंदीर बारीक होतात, हा दावा पुढच्या प्रयोगांत टिकला नाही: ज्वलन वाढले, पण अंगावरची चरबी तेवढीच राहिली. सीपीटी-१ कोणते इंधन जळेल हे ठरवते. शरीराला किती इंधन लागेल, हा हिशेब त्याच्या हातात नाही.